सोने पाहिले, वेदी वाचली नाही

मध्ययुगीन सुवर्णवेदींचा विषय निघाला की आमच्या धर्मग्रामांतील सुशिक्षित मंडळींचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा ख्रिस्तसभेच्या श्रीमंतीचा तोरा; गोरगरिबांच्या तोंडचा घास काढून वेद्या मढविल्या. दुसरा तट नुकताच युरोप पाहून आलेला असतो. तो त्या सोन्याची आजच्या भावाने किंमत सांगतो. आम्हांस दोघेही एकाच पंक्तीतले वाटतात. दोघांनीही धातूच पाहिला.

व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग मठातील वेदी घ्या. व्हर्दूनच्या निकोलसने हे काम ११८१ साली पुरे केले, ते मुळात शुभवर्तमान वाचण्याच्या व्यासपीठासाठी. १३३० च्या आगीनंतर ४५ फलकांत सहांची भर घालून त्यांची वेदी झाली. आणि ज्या सोन्यावरून एवढा वाद, ते किती? फलक तांब्याचे आहेत. तांबे कोरावयाचे, खाचांत काचेची रंगीत पूड भरून भट्टीत भाजावयाची, घासून सपाट करावयाची आणि उघड्या राहिलेल्या तांब्यावर सोन्याचा मुलामा द्यावयाचा, अशी ही मीनाकारी. सोन्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे आधी ध्यानी घ्यावे.

फलकांच्या तीन ओळी आहेत. वरची मोशेच्या नियमशास्त्रापूर्वीची, खालची नियमशास्त्राच्या काळातली आणि मधली प्रभू येशूची. वाचावयाचे ते उभे. मध्ये प्रभूचा बाप्तिस्मा. वर तांबडा समुद्र ओलांडणारे इस्राएल, खाली शलमोनाच्या मंदिरातील बैलांच्या पाठीवरचे पितळी गंगाळ. मध्ये प्रभूला कबरीत ठेवीत आहेत. वर खड्ड्यात टाकलेला योसेफ, खाली माशाने गिळलेला योना. मध्ये क्रूस, वर अब्राहामाने अर्पावयास नेलेला इसहाक आणि खाली कनान देशातून दोघांनी दांड्यावर वाहून आणलेला द्राक्षांचा घड. लाकडावर टांगलेला घड! त्याचा रस आमच्या प्याल्यात उतरतो, हे सांगावयास निकोलसला प्रवचन लागले नाही.

या घडाची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. मध्ययुगीन भाष्यकार म्हणत, पुढचा वाहक म्हणजे घडाकडे पाठ फिरविलेले यहुदी आणि मागचा म्हणजे घड डोळ्यांसमोर असलेले ख्रिस्ती. या अर्थाने यहुद्यांची हेटाळणी पोसली. यहुद्यांना देवाने टाकलेले म्हणून दाखवू नये, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली बजावले, ते योग्यच. पण म्हणून प्रतीकच टाकून द्यावे काय? घडाला दोन खांदे लागले, एवढे चित्रात दिसतेच.

पहिला तट येथे क्लेअरव्होच्या संत बर्नार्डांची साक्ष काढील. १२ व्या शतकात त्यांनी मंदिरांतील झगमगाटावर कठोर टीका केली, हे खरे. परंतु त्यांचा रोख मुख्यतः मठवासीयांवर होता. सामान्य जनांसाठी बिशपांना बाह्य सजावटीचा आधार घ्यावा लागतो, हे त्यांनीच मान्य केले होते. अर्धी साक्ष वाचून निकाल देऊ नये.

सुवर्णवेदीला उधळपट्टी म्हणणारी हीच मंडळी पास्काच्या जागरणात जुन्या करारातील वाचने लांबतात म्हणून घड्याळाकडे पाहतात. इसहाकाचे वाचन वगळा, अशी मागणीही आमच्या कानी आली आहे. सुदैवाने तांबड्या समुद्राचे वाचन कोणासही गाळता येत नाही.