की-बोर्ड मुका झाला म्हणून धंदा का थांबावा?

गल्ल्यावर वहीच्या जागी संगणक आला त्याला आता बरीच वर्षे झाली. ज्यांना त्याची गोडी नव्हती त्यांनाही १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर तो घ्यावाच लागला. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत ३-बी भरायचे असते. कर देय असून उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क, शिवाय थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. राज्याबाहेर ५० हजारांवरचा माल पाठवायचा तर ई-वे बिलाशिवाय ट्रक हलत नाही. नेमक्या अशा दिवशी की-बोर्डने दगा दिला की आपले व्यापारी बंधू हात चोळीत बसतात, आणि कॉम्प्युटरवाला येईपर्यंत गिऱ्हाईकही बसून राहते.

ही सवय आम्हांला घातक वाटते. मालेगाव-भिवंडीत माग थांबला तर विणकर लगेच जॉबरला हाक मारीत नाही. धागा तुटला का, कांडी संपली का, हे तो आधी स्वतः पाहतो. मग हजारो रुपये मोजून घेतलेल्या संगणकाच्या बाबतीतच आपण इतके परावलंबी का?

पाहायचे ते फार अवघड नाही. मुका झाला तो की-बोर्ड की संगणक, हे आधी ठरवावे. माऊसचा बाणही हलत नसेल तर बहुधा यंत्रच अडकले आहे, की-बोर्ड निर्दोष आहे. बाण हलत असेल तर नम लॉक किंवा कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा पाहावा. दिवा लागत-विझत असेल तर कळ दाबल्याची वर्दी संगणकापर्यंत पोचते आहे; दोष टॅलीत, विंडोजमध्ये किंवा एखाद्या सेटिंगमध्ये शोधावा. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की विंडोज ‘फिल्टर कीज’ सुरू करायचे का असे विचारते. घाईत कोणी ‘हो’ म्हटले की त्यानंतर हलके, झटपट टिचकलेले अक्षर उमटतच नाही. उजवीकडचे आकडेच तेवढे उमटत नसतील तर नम लॉक बंद असेल. एवढ्यासाठी माणूस बोलावून त्याला भाडे देणारे दुकानदार आहेत!

दिवा बदलतच नसेल तर जोडणीकडे वळावे. यूएसबीची पिन काढून संगणकाच्या मागच्या दुसऱ्या खाचेत थेट लावावी, मध्ये हब नको. जुन्या पद्धतीची गोल जांभळी पिन असेल तर संगणक बंद करूनच ती काढावी-घालावी. बिनतारी असेल तर सेल बदलावेत. एवढ्यानेही भागले नाही तर शेजारच्या दुकानातला की-बोर्ड मागून आणून लावावा आणि आपला त्यांच्याकडे लावून पाहावा. दोन्हीकडे आपलाच गप्प राहिला तर तो गेला. काही शे रुपयांत नवा मिळतो. दोन्ही की-बोर्ड आपल्याच संगणकावर गप्प राहिले तर मात्र जाणकाराला बोलवावे.

घाईत संगणकाचे बटण दाबून तो बंद मात्र करू नये. अर्धे भरलेले व्हाउचर त्यात जाते. विंडोजमध्ये पडद्यावरचा की-बोर्ड असतो. सेटिंगमधून माऊसने तो उघडावा, कंट्रोल आणि ए या कळा माऊसनेच दाबून टॅलीतली नोंद जतन करावी, मग पुढचे पाहावे.

आपल्या धंद्यांत की-बोर्ड लवकर का मरतो, तेही सांगतो. साध्या की-बोर्डच्या पोटात प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात. कळ दाबली की त्यांवरच्या रेघा एकमेकींना टेकतात. कारखान्यात कापसाचे बारीक तंतू, बेकरीत मैदा, आणि सगळीकडे चहा! आठवड्यातून एकदा उलटा करून झटकावा, रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडावा. चहा सांडलाच तर तत्काळ पिन काढून उलटा ठेवावा, एक-दोन दिवस वाळू द्यावा. लॅपटॉपवर सांडला तर मात्र घरगुती उपाय नकोत, कारण कळांखालीच मुख्य बोर्ड असतो. तो बंद करून, चार्जर काढून तसाच दुरुस्तीला न्यावा.

आता दुरुस्ती करणाऱ्या आपल्या तरुणांशी दोन शब्द. या कामात अनेक मुले प्रामाणिक रोजी कमावतात, त्यांचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु सैल पिन घट्ट बसवून ‘मदरबोर्ड गेला होता’ असे सांगणारेही याच बाजारात आहेत. सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात घट करणाऱ्यांना कठोर ताकीद आहे. आमच्या मते धडधाकट भागाचे पैसे लावणे हीसुद्धा त्याच जातीची लबाडी आहे. तराजू दिसत नाही, इतकेच. गिऱ्हाईकाला काही कळत नाही, म्हणून तर त्याचे यंत्र आपल्या हाती अमानत असते.

व्यापाऱ्यांनीही संकोच सोडावा. बिल मागावे, बदललेला जुना भाग परत मागावा, आणि काय बिघडले होते ते आपल्यासमोर दाखवायला सांगावे. दुरुस्तीला यंत्र देण्यापूर्वी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी. आणि २० तारखेची वाट न पाहता एक जादा की-बोर्ड आजच आणून, लावून पाहून, गल्ल्याखाली ठेवून द्यावा.