सुरुंग बदलत नाही

३० मे १९६८. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात सकाळी दहा वाजता सुरुंग उडाले आणि पाउलिनर चर्च धुळीला मिळाले. वास्तू तेराव्या शतकातली. १५४५ साली खुद्द मार्टिन ल्यूथरने विद्यापीठाचे प्रॉटेस्टंट चर्च म्हणून तिचे अर्पण केले होते. महायुद्धातल्या बाँबवर्षावातून ती जवळजवळ सहीसलामत वाचली होती. शत्रूच्या विमानांना जे साधले नाही, ते स्वदेशी समाजवादी राजवटीने करून दाखवले. महिन्याभरात, २३ जूनला, पोट्सडामच्या गार्निझोन चर्चचा युद्धात होरपळलेला मनोराही तसाच पाडण्यात आला.

इथेच थांबलो तर निष्कर्ष सोपा आहे. समाजवाद धर्माचा वैरी, म्हणून धर्माच्या आश्रयाने वाढलेल्या कलेचाही वैरी! पण माझा जन्म बँकेत खातेवह्या तपासण्यात गेला. एकच बाजू भरलेले खाते दिसले, की दुसरी बाजू शोधावीशी वाटते.

ती होती. याच राजवटीने १९८३ साली ल्यूथरची पाचशेवी जयंती थाटात साजरी केली. समितीचे अध्यक्ष होते स्वतः होनेकर. बर्लिनच्या कॅथेड्रलची पुनर्बांधणी १९७५ साली सुरू झाली, ती बरीचशी पश्चिम जर्मनीतल्या चर्चच्या पैशावर. ईश्वर अमान्य असला, तरी त्याच्या भक्तांचे परकीय चलन मान्य होते. १५२५ च्या शेतकरी उठावाचे प्रचंड चित्र बाड फ्रांकेनहाउझेन इथे काढण्याचे काम सरकारने व्हर्नर ट्यूब्केकडे सोपवले. उंची १४ मीटर, लांबी १२३ मीटर. सरकारला हवी होती क्रांतीची गाथा. ट्यूब्केने रंगवले बायबलमधल्या प्रतिमांनी भरलेले, प्रलयाच्या छायेतले जग. सप्टेंबर १९८९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. दोन महिन्यांत बर्लिनची भिंत पडली.

चर्चची बाजूही निखळ शौर्याची नव्हती. 'समाजवादातले चर्च' अशी भूमिका घेऊन धर्मगुरूंनी सत्तेशी जुळवून घेतले होते. तरीही सरकारी मंच ज्यांना बंद होता, अशा गायकांना आणि लेखकांना छप्पर मिळाले ते बहुधा तिथेच. १९७९ पासून पूर्व बर्लिनच्या चर्चमध्ये ब्लूज संगीताच्या प्रार्थनासभा भरू लागल्या आणि हजारो तरुण तिथे लोटले. त्यांतले कितीतरी जण देव मानणारे नव्हते. कलेला तिथे श्रद्धेपेक्षा सरकारचा हात न पोहोचणारी जागा हवी होती.

आता आजचे पाहू. पोट्सडामचा मनोरा पुन्हा उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसाठी खुला झाला. पण याच चर्चमध्ये २१ मार्च १९३३ रोजी हिटलर आणि हिंडेनबुर्ग यांच्या साक्षीने नव्या राइशस्टागचा सोहळा झाला होता; म्हणून अनेकांना तो नकोसा वाटतो. शेजारी समाजवादी काळातले संगणक केंद्र आहे. त्याच्या भिंतीवर फ्रिट्झ आयझेलने केलेले, मानवाच्या अवकाशविजयाचे भव्य मोझेक आहे, आणि आत अनेक कलावंतांनी आपल्या कार्यशाळा थाटल्या. ही इमारत जुन्या चर्चच्या सभागृहाच्या जागेत शिरलेली. चर्च पूर्ण करायचे, तर ती जायला हवी. तिच्या भवितव्यावरून वर्षानुवर्षे वाद झाला.

म्हणजे पाडणारे आणि वाचवू पाहणारे यांच्या जागा बदलल्या, युक्तिवाद मात्र तोच राहिला: ही वास्तू चुकीच्या सत्तेची आहे, सबब ती नको. उल्ब्रिख्टच्या राजवटीचे म्हणणे तरी वेगळे काय होते? मोझेक प्रचारकी आहे, हे खरे. पण जगातली किती देवळे आणि चर्च राजाच्या प्रचारासाठी बांधली गेली नाहीत?

लाइपझिगमध्ये सुरुंग लागण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत काही जणांनी धडपड करून वेदी आणि जुनी स्मृतिचित्रे बाहेर काढली. आज ती त्याच जागेवरच्या, २०१७ साली खुल्या झालेल्या पाउलिनममध्ये पाहता येतात. त्या माणसांमुळे निदान तेवढे तरी उरले. पोट्सडामचे मोझेकही असेच उरावे, असे मला वाटते. आणि ते मला फारसे आवडत नाही, म्हणून तर हे मुद्दाम सांगायचे.