ढगांचा जमाखर्च

ज्येष्ठातली रात्र. पर्वत पाटियातील आमच्या गच्चीवर वारा पडलेला, आभाळ भरून आलेले; पण थेंब नाही. दिवसभर ऊन पडले नाही, तरी एवढा उकाडा का, असे आम्ही सहज बोललो. शेजारच्या आजी मूळच्या खानदेशातल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आभाळानं गोधडी पांघरलीय. रात्र निवणार कशी?" आमची एम. ए. ची पदवी त्या गोधडीपुढे थिटी पडली, हे सांगण्यात आम्हांस संकोच नाही.

आता ही गोधडी किती जाड, हे जमिनीवरूनही मोजता येते. त्यासाठी दोन उपकरणे लागतात. एकावर काचेचा घुमट असतो. काच ऊन आत घेते, पण आभाळाकडून येणारी अदृश्य उष्णता अडविते. दुसऱ्याचा घुमट सिलिकॉनचा. तो ऊन अडवून केवळ उष्णतेचे किरण आत सोडतो. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन जमिनीवर पोहोचते. दाट ढग आले की तोच आकडा शे-दोनशेवर घसरतो. ही घसरण ढगाच्या दाटपणाची साक्ष होय. रात्री पहिले उपकरण निजते, दुसरे मात्र जागे असते. खालचा उबदार ढग जमिनीकडे पुष्कळ उष्णता परत धाडतो, उंचावरचा विरळ, थंड ढग थोडी. सुरतेच्या दमट हवेत बाष्पही तेच काम करते; म्हणून कोरड्या हिवाळ्यात ढगाळ रात्रीची ऊब अधिक जाणवते. दिवसा अडविलेले ऊन ही तूट, परत आलेली उष्णता ही जमा.

आपल्या देशात हा हिशेब मार्गी लावण्यात अ‍ॅना मणी यांचा वाटा मोठा. त्रावणकोरात १९१८ साली जन्मलेल्या या विदुषी १९४८ साली पुण्यास हवामान खात्यात रुजू झाल्या. उपकरणे देशातच घडावीत, हा त्यांचा ध्यास. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रे देशात ठिकठिकाणी उभारली. १९८० साली त्या नोंदींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती.

वाचक म्हणतील, याचा आपणांस काय उपयोग? ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी सुरतेत शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांस आभाळाची धास्ती सांगावी लागत नाही. खानदेशावर कोसळलेला पाऊसच उकाईमार्गे आपल्या दारी येतो. हवामानाचे अंदाज आता गणिताने वर्तविले जातात, आणि त्या गणितात ढग हाच सर्वांत अवघड भाग. जमिनीवरील ही नोंद म्हणजे त्या गणिताचा ताळा. ताळा न करणाऱ्या विद्यार्थ्याचे काय होते, हे आम्ही शाळेत नित्य पाहतो.

म्हणून आम्ही मुलांस एक वही घालावयास सांगितली आहे : रात्री आभाळ झाकलेले की मोकळे, आणि पहाटे तापमापकाचा आकडा किती. आजींनी विचारले, "गोधडी मोजता येते होय?"

आम्ही म्हणालो, "येते, आजी, मात्र रोज मोजावी लागते."