‘अनफिट’चा शिक्का कोणाच्या हाती?

पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांच्या छातीत ऑक्टोबर १९८१ मध्ये पेसमेकर बसविण्यात आला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांनी राज्यकारभार केला. १९८२ मध्ये त्यांचे पद गेले ते संसदेतील मतांमुळे, हृदयामुळे नव्हे. हेच यंत्र फिटरच्या वा हमालाच्या छातीत बसले की मात्र व्यवस्थापनाला एकाएकी त्याच्या प्रकृतीची काळजी वाटू लागते आणि ‘अनफिट’चा शिक्का मारून त्याला फाटकाबाहेर काढले जाते.

वैद्यकशास्त्र काय सांगते? यंत्रापासून हृदयात गेलेली तार पक्की रुजेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, जड ओझे उचलू नये. पुढे मूळ हृदयविकार आड येत नसेल तर बहुतेकांना अंगमेहनत करता येते. अपवाद आहेत आणि ते खरे आहेत : आर्क वेल्डिंग, प्रबळ चुंबकीय क्षेत्र, छातीवर आघात होण्याचा संभव असलेली कामे. परंतु हे अपवाद कामाचे आहेत, माणसाचे नव्हेत. वेल्डिंग करू नये याचा अर्थ तपासणी विभागातही उभे राहू नये असा होत नाही.

कायद्याने येथे कामगाराला अर्ध्यावर सोडले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सततच्या आजारपणामुळे झालेली सेवासमाप्ती कपातीच्या व्याख्येतून वगळली होती. दृष्टी अधू झालेल्या राजस्थान परिवहनच्या चालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही व्याख्या मानली. तरीही त्यांना पर्यायी काम वा भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सेवेत अपंगत्व आलेल्यांची नोकरी राखली, पण ती सरकारी आस्थापनांपुरती. शिवाय नुसता पेसमेकर बसणे हे त्यातील अपंगत्व नव्हे. असा कामगार कायद्याच्या लेखी अपंग नाही आणि मालकाच्या लेखी धडधाकट नाही!

कंत्राटी कामगाराची कथा नेमकी उलट. राज्य विमा योजनेत नोंद असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. नोंद नसेल तर काम नाही त्या दिवशी चूल नाही. मग टाके सुकण्यापूर्वीच पोते पाठीवर येते. एकाला काम करू दिले जात नाही, दुसऱ्याला थांबू दिले जात नाही. दोघांचाही निर्णय नफ्याच्या हिशेबाने होतो.

आपल्या संघटनाही यात निर्दोष नाहीत. ‘अनफिट’ झालेल्याच्या जागी मुलाला घ्या, एवढ्यावर अनेकदा तडजोड झाली. मुलाला नोकरी मिळाली, पण बापाचा कामाचा हक्क त्या सौद्यात गेला.

म्हणून यापुढच्या करारांत तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. डॉक्टरांचा दाखला एका शब्दाचा नसावा. कोणते काम चालेल व कोणते नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. पहिल्या सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायम आणि कंत्राटी अशा दोघांनाही मिळावी. पर्यायी काम मूळ वेतनावरच द्यावे. हृदयाचे ठोके यंत्र सांभाळील. कामगाराची जागा संघटनेलाच सांभाळावी लागेल.