दोन वर्षांची मोजपट्टी

‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ हे नियतकालिक १८८४ साली अमेरिकेत सुरू झाले. आज ते प्रिन्स्टनहून निघते. वर्षाला अंक अवघे सहा. पण त्यात आपला शोधनिबंध छापून येणे हा गणितज्ञांना मोठा बहुमान वाटतो.

नियतकालिकांची प्रतवारी ठरवण्यासाठी ‘प्रभावांक’ नावाची मोजपट्टी वापरतात. समजा, एखाद्या नियतकालिकाने लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून १०० निबंध छापले आणि तिसऱ्या वर्षी इतर संशोधकांनी त्यांचा ३०० वेळा संदर्भ दिला, तर प्रभावांक झाला ३. त्याहून जुन्या निबंधांचे संदर्भ यात धरत नाहीत.

माझ्या मते ही मोजपट्टी गणिताला अपुरी पडते. का, ते पाहू. सारख्या आकाराचे चेंडू कमीत कमी जागेत कसे रचावेत, याचे उत्तर केप्लरने १६११ साली सुचवले होते. फळवाला संत्री रचतो, तीच ती रचना! टॉमस हेल्स यांनी त्याची सिद्धता १९९८ साली ‘ॲनल्स’कडे पाठवली. बारा परीक्षक ती कित्येक वर्षे तपासत होते. निबंध छापला गेला २००५ साली. जेथे तपासणीलाच इतका वेळ लागू शकतो, तेथे इतरांनी तो वाचून, त्यावर नवे काम करून, तेही छापून येईपर्यंत दोन वर्षे सहज उलटतात.

आपल्या कानपूर आयआयटीचे उदाहरण घ्या. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे आवाक्यातल्या वेळात खात्रीने ओळखण्याची रीत मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. त्यांचा तेरा पानांचा निबंध ‘ॲनल्स’मध्ये २००४ साली आला. प्रभावांकाच्या हिशेबात त्याला मिळालेले फक्त २००५ आणि २००६ सालचे संदर्भ आले. पुढचे सगळे संदर्भ हिशेबाबाहेर!

मर्यादित पैशांत कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरवताना ग्रंथपालाला या अंकाचा थोडाफार उपयोग होईल. पण त्यावरून माणसांची किंमत ठरवून नेमणुका होऊ लागल्या, तर तरुण गणितज्ञ दहा वर्षे लागणाऱ्या प्रश्नाला हात तरी कसा घालील? तो झटपट सुटणारेच प्रश्न निवडील आणि त्यात गणिताचेच नुकसान होईल.

म्हणून कोणताही आकडा समोर आला, की आधी विचारा: यात काय मोजले आणि किती काळाचे मोजले? पायथागोरसचा सिद्धांत तुम्ही रोज वापरता. त्याचा संदर्भ मात्र आज कोणी देत नाही. तो सिद्धांत बिनमहत्त्वाचा आहे, असे कोण म्हणेल?