तेल सांडणाऱ्यानेच किनारा धुवून द्यावा!

पासली आणि पंचक्रोशीतील ग्रामस्थहो, मायबहिणींनो,

पत्रक समुद्राबद्दल आहे आणि घाटमाथ्यावर वाटतोय, ते मुद्दाम. केळदच्या पुढे मढे घाट उतरला की कोकणच लागतं. आपल्या पावसाळ्याची सुकट, बोंबील त्याच समुद्रातून येतात. आपली पोरंही मुंबईलाच पोट भरायला जातात.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं आदळली. चित्रातून सुमारे ८०० टन तेल सांडलं. पुढच्याच वर्षी ४ ऑगस्टला साठ हजार टन कोळसा आणि स्वतःचं इंधन पोटात घेऊन 'एमव्ही रॅक' मुंबईसमोर बुडालं. दोन्ही वेळा नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. पावसाळाभर होड्या शाकारून बसलेल्या कोळ्याच्या हाती पैसा येण्याचे ते दिवस! रायगडच्या खारफुटीवर तेलाचा थर बसला. खारफुटीची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांवर जाड काळं तेल चिकटलं की झाड गुदमरतं, आणि खरवडायला जावं तर मुळंच मोडतात.

याचा खर्च कोणी द्यायचा? जहाजमालकाने, असं कोणीही म्हणेल. कायदा तसं म्हणत नाही. मालकाने जास्तीत जास्त किती द्यायचं, हे जहाजाच्या टनभारावरून ठरतं. नुकसान कितीही होवो. त्यापुढे एक रुपया हवा असेल, तर मालकाने स्वतः जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे नुकसान केलं, हे सिद्ध करा! चित्रा आणि रॅक दोन्हींवर झेंडा पनामाचा. रायगडातल्या वरसोलीच्या कोळ्याने पुरावा गोळा करायला कुठे जायचं? उद्या तुमच्या भाताच्या खाचरातून कोणी ट्रॅक्टर घातला आणि ट्रॅक्टरच्या वजनावर भरपाई मोजली, तर चालेल का?

टँकरमधला माल सांडला तर १९९२च्या आंतरराष्ट्रीय करारांखाली विमा आहे, वर भरपाई निधी आहे. पण चित्रा कंटेनरचं जहाज, रॅक कोळशाचं. सांडलं ते त्यांचं इंधन, आणि इंधनतेलाचा वेगळा करार तेव्हा भारताने स्वीकारलेलाच नव्हता. रॅकच्या मालकांना राष्ट्रीय हरित लवादाने १०० कोटी रुपये ठोठावले ते २३ ऑगस्ट २०१६ रोजी. पाच वर्षांनी! तेही भरायचे नौवहन मंत्रालयाकडे, कोळीवाड्यात नव्हे.

२०२५मध्ये संसदेने नवा व्यापारी नौवहन कायदा केला. १९५८चा कायदा गेला, टनभाराची मर्यादा मात्र राहिली. समुद्रावरचं तेल तटरक्षक दल आवरतं. किनाऱ्याला लागलेलं तेल राज्याच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशाने उपसलं जातं.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: सफाईचा खर्च या मर्यादेतून वगळावा, विम्याची हमी दाखवल्याशिवाय परदेशी जहाजाला बंदरात घेऊ नये, मच्छीमाराला त्याच हंगामात आगाऊ भरपाई मिळावी आणि सरकारने ती मालकाकडून वसूल करावी. ठरावाची प्रत बारामतीच्या खासदारांना आणि भोरच्या आमदारांना पाठवा, पोच घ्या.

— पासलीचे ग्रामस्थ व मुंबईकर मंडळी