अर्ध्या वाटेवर सुटणारा हात

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी राखीव ठरल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या बंधनातून वगळले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. आपण सुटकेचा निःश्वास टाकला; परंतु प्रश्न संपला काय?

या कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच आहे. नववीत पाऊल ठेवताच संपूर्ण शुल्काचा भार पालकांवर येतो. धुणीभांडी करणाऱ्या एका मातेने मला विचारले, “सर, आठ वर्षं माझी पोर त्याच बाकावर बसली. आता नववीत ती परकी कशी झाली?” मी निरुत्तर झालो.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला अशा वेळी १९१७ हे वर्ष आठवते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपताच त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. बाबासाहेबांची जिद्द प्रत्येक बालकात असेल, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. म्हणूनच १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. मुलाला नुसता प्रवेश पुरत नाही. शिक्षण पूर्ण होईपर्यंत अन्न, निवारा आणि आपली माणसे लागतात, ही जाण त्यामागे होती. आपली निवासी शाळा त्याच परंपरेतील आहे.

कायद्याची मर्यादा किमान दहावीपर्यंत वाढावी, ही मागणी आपण संघटितपणे लावून धरलीच पाहिजे. तोवर माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले आज खासगी शाळांत शिकतात. त्यांच्याच वर्गातील अशा एका मुलाच्या नववी-दहावीच्या शुल्काची जबाबदारी चार-पाच जणांनी मिळून घ्यावी. त्याचे छायाचित्र छापू नये, सत्कारात त्याला उभे करू नये. आपणही कोणाच्या तरी आधाराने येथवर आलो आहोत, एवढे स्मरण पुरेसे आहे.

जय भीम!